डेटा सेंटर आणि वीजजाळ्याचा समतोल

वीजजाळ्यावर ताण आला की डेटा सेंटरने, म्हणजे हजारो संगणक (सर्व्हर) अखंड चालवणाऱ्या केंद्राने, आपला वीजवापर ठरलेल्या प्रमाणात कमी करणे, काम पुढे ढकलणे, दुसऱ्या ठिकाणी वळवणे किंवा काही वेळ स्वतःच्या बॅटऱ्यांवर चालवणे, या सगळ्याला मिळून डेटा सेंटरची मागणी-लवचीकता म्हणतात. जाळ्यात दर क्षणी जेवढी वीज खपते तेवढीच निर्माण व्हावी लागते. हा मेळ बिघडला की वारंवारिता, म्हणजे वीजप्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, हलते. मागणी जास्त झाली तर ती ५० किंवा ६० हर्ट्‌झच्या खाली घसरते, मागणी एकाएकी गळाली तर वर चढते. हा मेळ राखण्याची जबाबदारी पूर्वीपासून वीजनिर्मिती केंद्रांची. मागणी जाईल तसे ती आपले संच वर-खाली करतात. मागणी-लवचीकतेत उलटे घडते, ग्राहकच पुरवठ्याला सांभाळून घेतो. ॲल्युमिनियम गाळणाऱ्या कारखान्यांसारखे मोठे ग्राहक हे फार आधीपासून करत आले आहेत. डेटा सेंटर्सचा नंबर उशिरा लागला, कारण कधीही बंद न पडणे हीच तर त्यांची जाहिरात होती.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटांच्या आसपास जाईल, असे ही संस्था म्हणते. पण जागतिक सरासरीवरून स्थानिक ताण कळत नाही. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के एकट्या डेटा सेंटर्सनी घेतली. शिवाय जाळे सरासरीसाठी बांधलेलेच नसते. वर्षातल्या ज्या मोजक्या तासांत मागणी शिखरावर असते, त्यांच्यासाठी तारा, रोहित्रे आणि संच उभारलेले असतात. उरलेल्या काळात त्यांतली बरीच क्षमता पडून राहते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये हाच धागा पकडून हिशेब मांडला. नव्या मोठ्या ग्राहकांनी आपल्या वार्षिक कमाल वापराच्या केवळ पाव टक्का कपात सोसली, तर तिथल्या सध्याच्याच जाळ्यात सुमारे ७६ गिगावॅट नवी मागणी सामावू शकते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो कागदावरचा आहे हे ध्यानात ठेवायला हवे, कारण निर्मिती पुरेशी असली तरी नेमक्या त्या उपकेंद्रापर्यंत वीज पोहोचेलच असे नाही.

लवचीकतेचा सर्वांत मोठा साठा कामातच आहे. सर्व्हरवरचे प्रत्येक काम तातडीचे नसते. कोणी शोध घेत असेल, पैसे पाठवत असेल तर उत्तर लगेच हवे. पण अपलोड झालेल्या व्हिडिओवरची प्रक्रिया, रात्रीचे बॅकअप, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलचे प्रशिक्षण ही कामे दोन तासांनी झाली तरी कोणाचे अडत नाही. गूगलने २०२० पासून अशी कामे स्वच्छ वीज जास्त असेल त्या तासांकडे सरकवायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवण्याचीही सोय केली. २०२५ मध्ये इंडियाना आणि टेनेसी भागांतील वीज कंपन्यांशी तिने जे करार केले, त्यांत मशीन लर्निंगची कामेही कपातीच्या कक्षेत आली.

त्याच वर्षी मे महिन्यात ॲरिझोनातील फीनिक्स शहरात झालेली चाचणी यापुढची आहे. २५६ जीपीयूंच्या (कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते करणाऱ्या चिपच्या) एका संचावर कोणते काम किती मंदावले तर चालेल, याची प्रतवारी आधीच केलेली होती. मागणी शिखरावर असताना प्रणालीने त्या प्रतवारीप्रमाणे काही कामे हळू केली, काही थांबवली आणि तीन तास वीजवापर २५ टक्क्यांनी खाली ठेवला. प्रशिक्षणाच्या कामाची स्थिती ठरावीक अंतराने जतन होत असते, म्हणून ते थांबवून तिथूनच पुढे सुरू करता येते. मात्र २५६ जीपीयूंवर जे जमले ते लाखभर जीपीयूंवर तसेच जमेल, असे गृहीत धरता येत नाही. मोठ्या प्रशिक्षणात हजारो जीपीयू एकाच तालात गणित करतात आणि एकाच वेळी थबकून निकालांची देवाणघेवाण करतात. त्यामुळे वीजवापर क्षणात दहावीस मेगावॅटने झोके घेतो. जाळ्याला आधार देण्याआधी हे झोके आवरणे हेच मोठे काम होऊन बसते.

दुसरा साठा बॅटऱ्यांचा. पुरवठा गेल्यापासून डिझेल जनित्रे सुरू होऊन भार उचलेपर्यंतचा वेळ यूपीएस ही बॅटऱ्यांवरची यंत्रणा भरून काढते. एरवी या बॅटऱ्या नुसत्या सज्ज उभ्या असतात. वारंवारिता घसरताच काही क्षण भार त्यांच्यावर घेतला, तर जाळ्याला तेवढा श्वास मिळतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये डब्लिनमधील आपल्या डेटा सेंटरच्या बॅटऱ्या या कामाला जोडल्या. शीतकरणातही थोडी सवड असते. थंड पाण्याच्या टाक्या आधीच गार करून ठेवल्या, तर शिखराच्या तासांत चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रे, मंद चालवता येतात. डिझेल जनित्रांचे गणित वेगळे. ती चालवली की जाळ्यावरचा भार कमी होतो हे खरे, पण धूर शेजारच्या वस्तीत जातो. कागदावर ती लवचीकता दिसली, तरी तिला इतर उपायांच्या पंक्तीला बसवू नये.

जाळ्यातून बाहेर पडणे म्हणजेच जाळ्याला मदत, असा समज असेल तर अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियातला प्रसंग पाहावा. १० जुलै २०२४ च्या संध्याकाळी २३० किलोव्होल्टच्या एका वाहिनीवर तडितरोधक, म्हणजे आकाशातल्या विजेपासून वाहिनी वाचवणारे उपकरण, निकामी झाला. पुरवठा आपोआप पुन्हा जोडून पाहणाऱ्या यंत्रणेमुळे दीडेक मिनिटात व्होल्टेज सहा वेळा ढासळले. अनेक यूपीएसमध्ये असे ठरवून दिलेले होते, की एका मिनिटात तीनदा व्होल्टेज पडले तर भार स्वतःकडे घ्यायचा आणि माणूस येऊन हाताने परत जोडेपर्यंत सोडायचा नाही. प्रत्येक यूपीएसने आपापले काम चोख केले. परिणाम असा, की सुमारे ६० डेटा सेंटर्सचा मिळून १,५०० मेगावॅट भार जाळ्यावरून एकदम नाहीसा झाला. वारंवारिता आणि व्होल्टेज दोन्ही वर गेले, आणि जाळे चालवणाऱ्यांना निर्मिती घाईने उतरवावी लागली. भार तेवढाच, पण सांगून पंधरा मिनिटांत उतरवला असता तर तो आधार ठरला असता.

तंत्र हाताशी असूनही ही पद्धत रेंगाळते ती पैशांमुळे. महागडी चिप काही वर्षांत जुनी होते. ती तासभर रिकामी ठेवण्याचे नुकसान त्या तासाच्या विजेच्या सवलतीपेक्षा बहुतेक वेळा जास्त असते. बिटकॉइन खाणकामाचे, म्हणजे संगणकांवर गणिते सोडवून हे आभासी नाणे मिळवण्याच्या धंद्याचे, गणित मात्र उलटे निघाले. टेक्सासमधील रायट प्लॅटफॉर्म्स या कंपनीला ऑगस्ट २०२३ मध्ये वीजवापर कमी केल्याबद्दल ३ कोटी १७ लाख डॉलरच्या सवलती मिळाल्या. त्या महिन्यात खणलेल्या नाण्यांच्या किमतीपेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी होती. वापर न करण्याचे पैसे द्यायचे कोणी, हा वाद अशाच आकड्यांवरून होतो. भाड्याने जागा देणाऱ्या डेटा सेंटर्समध्ये आणखी एक गाठ आहे. इमारत आणि शीतकरण मालकाचे, सर्व्हर भाडेकरूंचे. तेव्हा काम हळू करा, असे मालक सांगू शकत नाही.

अलीकडे मालक राजी होऊ लागले आहेत ते दुसऱ्या कारणाने. नवी वीजजोडणी मिळायला अनेक ठिकाणी वर्षे लागतात, आणि गरज पडेल तेव्हा भार उतरवू असे लिहून देणाऱ्याला रांगेत पुढे घेण्याची तयारी काही वीज कंपन्या दाखवतात. नियामकांनीही हीच दिशा धरली आहे. आयर्लंडच्या नियामकाने २०२१ मध्येच नव्या जोडणीचा विचार करताना जागेवरची निर्मिती किंवा साठवण आणि वापर कमी करण्याची क्षमता पाहायचे ठरवले. टेक्सासने जून २०२५ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, ३१ डिसेंबर २०२५ नंतर जोडल्या जाणाऱ्या ७५ मेगावॅट आणि त्याहून मोठ्या ग्राहकांना आणीबाणीच्या भारनियमनात आपला पुरवठा तोडता येईल अशी उपकरणे आधीच बसवून घ्यावी लागतात.