चिंधी निवडणारे हात

वापरलेली वस्तू फेकून न देता पुन्हा कच्चा माल म्हणून वापरणाऱ्या चक्रीय अर्थव्यवस्थेमुळे २०३० पर्यंत जगात निव्वळ ६० लाख रोजगार वाढू शकतील, असा अंदाज आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८ साली मांडला होता. हा आकडा भाषणात ऐकला की मला सोलापुरातल्या यंत्रमागांशेजारची चिंधीची पोती आठवतात. चिंधीचं पुन्हा सूत होणार, म्हणजे इथं काम वाढणार, असं सगळे धरून चालतात. पण कसलं काम, हे कापसाचा तंतू ठरवतो.

हा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब. सुतात तंतू एकमेकांना चिकटलेले नसतात. पिळानं ते एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणानं धरून राहतात. तंतू जितका लांब, तितकी शेजाऱ्याला धरायला जागा जास्त. चिंधी दातेरी रुळांतून फाडली की पीळ सुटतो, पण तंतूही तुटतात. असा आखूड तुकडा ताण पडताच निसटतो. मग सूत जाड काढा, नाहीतर नवा कापूस मिसळा. टॉवेलच्या लूपना तर कमी पिळाचं मऊ सूत लागतं, तिथं आखूड तंतू धुण्यातच गळून जातो. म्हणून जुन्या टॉवेलचा पुन्हा टॉवेल होणं अवघड. त्याचं पायपुसणं होतं. ‘अखंड चक्र’ जाहिरातीत शोभतं. तंतू दर फेरीला एक पायरी खाली उतरतो.

निदान पुन्हा रंगवणं तरी वाचावं म्हणून लाल चिंधी लालमध्ये, निळी निळ्यामध्ये निवडतात. पॉलिस्टर वेगळं काढायचं, इलॅस्टिक कापायचं, चेन-बटणं उतरवायची. बहुतेक ठिकाणी हे हातानंच होतं. रोजगार वाढतो तो इथं. ‘आजीची वाकळ म्हणजे हेच की’ असं कौतुक करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की त्या टाक्यांची मजुरी कुणी मोजली नव्हती.

तुटक्या तंतूंची धूळही जास्त उडते. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते. त्यावर गूळ खायचा सल्ला हमखास मिळतो. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. धूळ उडते तिथंच ती ओढून घेणारा पंखा लागतो, आणि तो यंत्राच्या खर्चात धरलाय का, हे नोकऱ्या मोजायच्या आधी विचारावं.