प्रायमरीतला फिरता कौल आणि मिशिगनचे चार प्रतिनिधी

ऑक्टोबर २००७ मधल्या राष्ट्रीय चाचण्यांवर विसंबलं असतं, तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीची लढत सुरू होण्याआधीच संपली होती. न्यूयॉर्कच्या सिनेटर हिलरी क्लिंटन इलिनॉयचे तरुण सिनेटर बराक ओबामा यांच्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त पुढे होत्या. कृष्णवर्णीय मतदारही तेव्हा ओबामांमागे एकगठ्ठा नव्हते. गोरी राज्यं या माणसाला मत देतील का, हीच शंका होती. ३ जानेवारी २००८ च्या आयोवा कॉकसने, म्हणजे पक्ष-समर्थकांच्या स्थानिक सभांतून होणाऱ्या निवडीने, ती मिटवली. जवळजवळ सगळी गोरी वस्ती असलेल्या त्या राज्यात ते सुमारे ३८ टक्के घेऊन पहिले आले, बाई तिसऱ्या. पाचच दिवसांत न्यू हॅम्पशरने चाचण्या तोंडावर पाडून बाईंना जिंकवलं. पण २६ जानेवारीला साउथ कॅरोलिनात एक्झिट पोलप्रमाणे ७८ टक्के कृष्णवर्णीय मतं इलिनॉयच्या सिनेटरकडे गेली आणि तो गट पुढे हलला नाही.

मतदारांनी राज्याराज्यांत उमेदवार निवडण्याची ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. १९६८ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांनी प्रायमरीच्या, म्हणजे राज्यांतल्या पक्षांतर्गत मतदानाच्या, मैदानात न उतरता शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळवली, बाहेर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि त्या रागातून झालेल्या सुधारणांनी १९७२ पासून निवड मतदारांकडे आली. १९७६ मध्ये आयोवात ‘अनकमिटेड’ (कोणत्याच उमेदवाराला न बांधलेला पर्याय) पहिला आणि जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर दुसरे, तरी बातमी त्यांचीच झाली. पुढे ते राष्ट्राध्यक्षही झाले. १९८४ पासून सुपरडेलिगेट, म्हणजे मतदारांच्या कौलाला न बांधलेले पुढारी-प्रतिनिधी, आणून पक्षाच्या पुढाऱ्यांनी थोडा लगाम परत आपल्या हातात घेतला.

कौल फिरला की अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधीही त्याच प्रमाणात फिरतात, असं मात्र नाही. ५ फेब्रुवारीला बाईंनी न्यू जर्सीची प्रायमरी जिंकली. दहा लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि प्रतिनिधींची वाटणी झाली ५९-४८. म्हणजे ११ ची आघाडी. त्याच दिवशी आयडाहोच्या कॉकसला जेमतेम २१ हजार लोक आले आणि तिथून प्रतिस्पर्ध्याला मिळाले १५, बाईंना ३. आघाडी १२ ची. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया नऊ टक्क्यांनी जिंकूनही त्यांच्या पदरात १२ चीच आघाडी पडली. त्यामुळे मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियाने ६७-२६ असा कौल दिला, तेव्हा वारं फिरल्याच्या मथळ्यांना गणितात काही अर्थ उरला नव्हता. आता आशा होती ती फक्त फ्लोरिडा आणि मिशिगनची.

या दोन राज्यांनी पक्षाचं वेळापत्रक मोडून मतदान जानेवारीत आणलं होतं. फ्लोरिडात तारीख ठरवणारं विधिमंडळ तर रिपब्लिकनांच्या ताब्यात होतं, पण शिक्षा डेमोक्रॅटिक मतदारांना. रिपब्लिकनांनी अशा राज्यांचे निम्मे प्रतिनिधी कापले. डेमोक्रॅट्सच्या नियम समितीने २००७ मध्ये सगळेच काढून घेतले. त्या ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत बाईंच्याच गोटाचा एक मुरब्बी सल्लागारही होता. खुद्द बाईंनीही मिशिगनचं मतदान मोजलं जाणार नाही, हे तेव्हा जाहीरपणे मान्य केलं होतं. इलिनॉयच्या सिनेटरनी तिथल्या मतपत्रिकेवरून आपलं नाव मागे घेतलं, बाईंचं राहिलं. निकाल : बाई ५५ टक्के, ‘अनकमिटेड’ ४०.

३१ मे रोजी हीच समिती वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसली, बाहेर निदर्शक घोषणा देत होते. फ्लोरिडाचे प्रतिनिधी अर्ध्या मताने घ्यायचे, हे २७-० ने ठरलं. मिशिगनवर गाडी अडली. निकाल धरला तर बाईंचे ७३ आणि अनकमिटेडचे ५५ होत होते. समितीने १९-८ मतांनी ठरवलं ६९-५९, तेही प्रत्येकी अर्ध्या मताचे. अनकमिटेडचे सगळे इलिनॉयच्या सिनेटरना, वर बाईंच्या वाट्यातले चार. नाव मतपत्रिकेवर असतं तर किती मतं पडली असती, याचा अंदाज बांधून केलेली ही वाटणी. चार प्रतिनिधींनी उमेदवारी बदलणार नव्हती हे खरं; पण ज्याच्या नावावर एकही मत मोजलेलं नाही, त्याला दुसऱ्याच्या वाट्यातले प्रतिनिधी देणं हे कोणत्या नियमात बसतं, याचं पटणारं उत्तर त्या दिवशी मिळालं नाही. आधी ठरावाला हात वर करणारे तेच सल्लागार आता चार प्रतिनिधी पळवले म्हणून कडाडले, हाही त्यातलाच भाग. बहुमताचा आकडा वाढून २,११८ झाला, तो ओबामांनी ३ जूनला ओलांडला, आणि ७ जूनला बाईंनी माघार जाहीर केली. ऑगस्टमध्ये, वाद निरर्थक झाल्यावर, दोन्ही राज्यांना पूर्ण मतं परत मिळाली.

त्यानंतरचे वाद याच रेषेवरचे. २०१६ मध्ये व्हरमाँटचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी सुपरडेलिगेटवर झोड उठवली आणि २०१८ मध्ये त्यांचं पहिल्या फेरीतलं मत बहुतांशी काढून घेण्यात आलं. २०२० मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिना जिंकली आणि ३ मार्चला १४ पैकी १० राज्यं. म्हणून की काय, २०२४ साठी पक्षाने साउथ कॅरोलिनालाच पहिला मान दिला. न्यू हॅम्पशरने ऐकलं नाही, २३ जानेवारीलाच मतदान घेतलं. आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, तरी लोकांनी हाताने लिहून त्यांना जिंकवलं. प्रतिनिधी आधी कापले गेले, मग वसंतात परत दिले गेले. मिशिगनला मात्र या वेळी लवकर मतदानाची रीतसर परवानगी होती, आणि तिथे गाझातल्या युद्धाच्या निषेधार्थ एक लाखाहून जास्त लोकांनी पुन्हा ‘अनकमिटेड’वर खूण केली. त्यातून दोन प्रतिनिधी निघाले, आणि ते कोणाच्याही खात्यात जमा झाले नाहीत.