मांसाहार सोडताय? प्रथिनांचं सोडा, बी-१२चं बघा

श्रावण आला की दोन तऱ्हेचे संदेश फिरू लागतात. एकात पालकाच्या जुडीत मटणापेक्षा जास्त ताकद असल्याचं छातीठोकपणे सांगितलेलं असतं. दुसऱ्यात शाकाहारानं स्नायू गळतात आणि पनीर काही रोज परवडत नाही, अशी रड असते. दोन्हीकडे वाद प्रथिनांचाच. पण महिनाभर पाळणाऱ्या धडधाकट माणसाला काहीही होत नाही, आणि ज्याला कायमचं सोडायचंय त्याची खरी अडचण प्रथिनं ही नव्हेच. ती आहे एक जीवनसत्त्व. त्याची रोजची गरज जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार-पाच लाखावा भाग.

आधी पैशांचं उरकून घेऊ. किलोच्या भावानं तुलना करण्यात अर्थ नाही. १० ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात ते काढायचं. भाव गावोगावी वेगळे असतात, त्यामुळे पुढचे दर उदाहरणापुरते. कोंबडी २४० रुपये किलो धरली तर हाडं वजा जाता साडेसहाशे-सातशे ग्रॅम मांस उरतं आणि त्यात साधारण १३५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे १० ग्रॅमला १८ रुपये. मटण ८०० रुपयांनी घेतलं तर हाच आकडा पन्नाशी ओलांडतो. ७ रुपयांच्या अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, म्हणून तिथे सुमारे १२ रुपये. तूरडाळ १३० रुपये किलो असेल तर ६ रुपये. शेंगदाणेही जवळपास तेवढेच. सोयाबीनच्या सुट्या वड्या १२० रुपये किलो असतील तर अडीच रुपयांच्या आत. आणि पनीर? ४०० रुपये किलोनं २२ रुपये. शाकाहार महाग पडतो तो मटणाची जागा पनीरनं भरणाऱ्याला. डाळीनं भरणाऱ्याचे पैसे उलट वाचतात.

६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकरी-पोळीचं २०० ग्रॅम पीठ, ७५ ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य, मूठभर दाण्याचं कूट आणि पाव लिटर दूध किंवा दही, एवढ्यात ती भरतात. गडबड होते ती डाळीच्या मापात. पातळ आमटीच्या वाटीत पंधरा ग्रॅमही डाळ नसते, त्यामुळे दोन वेळा आमटी घेऊनही ६० ग्रॅमचा पल्ला निम्म्यावरच राहतो. शिजवण्याआधी डाळ एकदा काट्यावर तोलून बघा. उपासाच्या साबुदाण्यात तर निव्वळ पिष्ट. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती कुटाची.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन धान्यात कमी, मेथिओनिन डाळीत कमी, आणि दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. वजनानं तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण पुरे. ते एकाच जेवणात साधायला हवं असंही नाही.

कडधान्यं एकदम वाढवली की पोट फुगतं. त्यांतली रॅफिनोज गटातली शर्करा तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नसतं; ती तशीच मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जीवाणू तिचा वायू करतात. उपाय म्हणजे रात्रभर भिजवून पाणी टाकून देणं आणि प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवणं. राजमा मात्र कमी आचेवर नुसता कोमट शिजवत ठेवू नका. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन निकामी व्हायला खळखळ उकळी लागते, कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच घाला, आंबटानं डाळ गाठर राहते. लोहासाठी जेवणात लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तासभर लांबवा, कारण वनस्पतींतलं लोह क जीवनसत्त्वानं चांगलं शोषलं जातं आणि चहातल्या टॅनिननं अडतं.

आता बी-१२. हा रेणू म्हणजे रसायनशास्त्रातला एक नमुनाच आहे. मध्यभागी कोबाल्टचा एक अणू आणि भोवती एवढी गुंतागुंत, की तिची रचना उलगडायला डोरोथी हॉजकिन यांना १९५६ साल उजाडलं. क्ष-किरणांच्या साहाय्यानं केलेल्या अशा कामांसाठी १९६४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. हा रेणू ना वनस्पती बनवू शकतात, ना प्राणी. तो बनवतात फक्त जीवाणू आणि त्यांचे दूरचे नातलग, आर्किया. गाई-शेळ्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जीवाणू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून तो तयार करतात, तिथून तो दुधात आणि मांसात उतरतो. आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणूही तो बनवतात, पण तो शोषून घेणारी जागा त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात असते. पाटाच्या शेवटाला लागलेलं पाणी वरच्या वावराच्या काय कामाचं! ससा स्वतःची मऊ लेंडी पुन्हा खातो. त्यातून त्याला जी पोषकद्रव्यं परत मिळतात, त्यांत बी-१२ही आहे.

अन्नातला बी-१२ प्रथिनांना चिकटलेला असतो. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन त्याला सोडवतात. सुटल्याबरोबर लाळेतून आलेलं हॅप्टोकोरिन नावाचं प्रथिन त्याला धरतं. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचे रस हॅप्टोकोरिनच पचवून टाकतात आणि मोकळा झालेला बी-१२ इंट्रिन्सिक फॅक्टर या दुसऱ्या प्रथिनाच्या हाती लागतो. हे प्रथिन जठराच्याच भित्तिपेशींनी स्रवलेलं असतं. ही जोडी लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते, तिथल्या पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे तिला पकडणारी प्रथिनं) तिला आत ओढतात आणि रक्तात ट्रान्सकोबालामिन हे तिसरं प्रथिन ताबा घेतं. यातली एक कडी तुटली तरी ताटात मासळी असून उपयोग नसतो.

या ग्राहकांची संख्या मर्यादित आहे. एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅम आत गेले की ते भरतात आणि काही तास नवं काही घेत नाहीत. त्याशिवाय जे पोटात येईल त्यातला साधारण एक टक्का कोणाच्याही मदतीविना आपोआप झिरपतो. हा एक टक्का ध्यानात ठेवा, गोळ्यांच्या हिशेबात तो लागणार आहे.

शरीरात २ ते ५ मिलिग्रॅम साठा असतो, बराचसा यकृतात. रोज त्यातला हजारात एक-दोन भागच खर्च होतो, आणि पित्तातून आतड्यात उतरलेला बी-१२ पुष्कळसा पुन्हा शोषला जातो. म्हणूनच श्रावण पाळणाऱ्याला काही जाणवत नाही. कायमचं सोडणाऱ्यालाही पहिली दोन-तीन वर्षं छान जातात. “मला तर काहीच झालं नाही,” असं लोक सांगतात ते याच काळात. मग कधीतरी तळपायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा, आणि त्याचा संबंध तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या मासळीशी कोणी लावत नाही.

पेशींत बी-१२ला दोनच कामं. एक, फोलेट या दुसऱ्या ब-जीवनसत्त्वाकडून मिथिल नावाचा अणूंचा छोटा गट घेऊन तो होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला देणं, म्हणजे त्याचं मेथिओनिन होतं. हे थांबलं की फोलेट मिथिल रूपातच अडकतं, डीएनएची जुळणी रखडते आणि तांबड्या पेशी फुगीर होतात. दुसरं काम मिथिलमॅलोनिल-कोए या, काही स्निग्धाम्लं आणि अमिनो आम्लं मोडताना मधेच तयार होणाऱ्या रेणूला वाटेला लावणं. फॉलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटचीच गोळी घेतली तर ती या अडकलेल्या फोलेटला वळसा घालून डीएनएचं काम चालू ठेवते. रक्त ठीक दिसतं, पण दुसरं काम ठप्पच राहतं आणि मज्जातंतूंचं नुकसान चालू राहतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३पासून आसपासच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात साठ टक्क्यांहून जास्त गरोदर स्त्रियांत बी-१२ कमी आढळलं. फोलेटची कमतरता जवळपास नव्हतीच. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक प्रतिरोध दिसला, म्हणजे इन्सुलिनचा परिणाम कमी होत होता.

कोंबडीत बी-१२ मुळात थोडंच असतं, १०० ग्रॅमला ०.३ मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे चिकन सोडणाऱ्याचं फारसं काही जात नाही. मटण सोडणाऱ्याचं जातं, आणि बांगडा, तारली सोडणाऱ्या किनारपट्टीवरल्या माणसाचं सगळ्यात जास्त. दुधात १०० मिलिलिटरला ०.४ ते ०.५. चहात एका कपाला ३५-४० मिलिलिटर दूध, म्हणून दिवसाचे चार चहा मिळून पाऊण मायक्रोग्रॅमही होत नाही, त्यात चहा उकळताना काही नष्ट होतं ते वेगळंच. चहातलं दूध हिशेबातून वगळा आणि अर्धा लिटर वेगळं घ्या.

इडलीच्या आंबवलेल्या पिठातून किंवा न धुतलेल्या भाजीच्या मातीतून बी-१२ मिळतं, या समजावर विसंबू नका. मातीतून जंत नक्की मिळतील. स्पिरुलिनाच्या डब्यावर आकडा मोठा असतो, पण त्यातला बहुतांश रेणू बी-१२चा तोतया असतो आणि माणसाच्या शरीरात तो चालत नाही.

मग उरते गोळी. औषधाच्या दुकानात १५०० मायक्रोग्रॅमची मिथिलकोबालामिनची (बी-१२च्या एका रूपाची) गोळी सर्रास मिळते. तिच्यातून ग्राहकांमार्फत दीड आणि एक टक्का झिरपून १५, असे साधारण १६ मायक्रोग्रॅम आत जातात. आठवड्याची गरज तेवढीच. म्हणजे आठवड्याला एक गोळी, दहाची पट्टी अडीच महिने पुरते. तीच गोळी रोज घेतली तर बाकीचं बरंचसं लघवीवाटे जातं. मात्र हा हिशेब साठा शाबूत असलेल्यांसाठी. कमतरता आधीच असेल, गरोदरपण असेल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. पित्ताच्या गोळीनं आम्ल कमी होतं आणि अन्नातला बी-१२ सुटत नाही. गोळीतला मुळातच सुटा असल्यामुळे त्याला ही अडचण येत नाही.

रक्त तपासायचं तर गोळी सुरू करण्याआधी. दोन गोळ्या पोटात गेल्या की आकडा वर चढतो आणि आधीची स्थिती कळायला वाव उरत नाही. रक्तातला सुमारे पाऊण बी-१२ हॅप्टोकोरिनला बांधलेला असतो. तो बहुतेक पेशींच्या उपयोगाचा नाही, पण तपासणीत मोजला जातो. त्यामुळे अहवालात आकडा २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या दरम्यान आला आणि पायाला मुंग्याही असतील, तर ‘नॉर्मल’ लिहिलंय म्हणून न थांबता होमोसिस्टीनची तपासणी मागा; बी-१२ कमी पडलं की ते रक्तात साचतं.