अकेशिया मध

अकेशिया मध : रोबिनिया स्यूडोअकेशिया या झाडाच्या मकरंदापासून तयार होणारा, अतिशय फिकट रंगाचा आणि सौम्य चवीचा एकपुष्पी मध. हंगेरी, रोमानिया, बल्गेरिया, इटली आणि फ्रान्स येथे तो मोठ्या प्रमाणावर निघतो. काश्मीरच्या खोऱ्यातही ही झाडे लावलेली असून तेथील अकेशिया मध याच फुलांचा असतो.

नावामुळे आपल्याकडे हमखास गैरसमज होतो. अकेशिया म्हणजे बाभूळ, तेव्हा हा बाभळीचा मध असणार असे वाटते. पण बाभळीच्या पिवळ्या गोंडेदार फुलांशी त्याचा काही संबंध नाही. काटे आणि पिसांसारखी पाने पाहून या झाडाला ‘खोटी बाभूळ’ अशा अर्थाचे नाव मिळाले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये तेच शास्त्रीय नावात कायम केले. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतात ते गिरिपुष्प हे त्याचे खरे जवळचे नातेवाईक. गिरिपुष्पाची फुले पांढरीशुभ्र असून घोसांनी खाली लोंबत आहेत अशी कल्पना केली, तर रोबिनियाचा बहर बराचसा डोळ्यांपुढे येतो.

झाड मूळचे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले. सतराव्या शतकाच्या आरंभी ते फ्रान्समध्ये आले आणि तेथील राजाचा माळी ज्याँ रोबँ याच्या नावावरून रोबिनिया ठरले. हंगेरीत ते अठराव्या शतकात पोचले. तेथील मोठ्या मैदानातली उडती वाळू थोपवण्यासाठी त्याची भरपूर लागवड झाली. हे झाड शिंबावंत (शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या) कुलातले असल्याने मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवते आणि निकस वाळूतही जोम धरते. आज हंगेरीच्या वनक्षेत्राचा सुमारे चौथा हिस्सा याच झाडाचा आहे.

बहर साधारण मे महिन्यात येतो आणि एका जागी जेमतेम दहा-बारा दिवस टिकतो. उशिराचे हिमतुषार, गार वारा किंवा सततचा पाऊस आला की वर्षाचे उत्पन्न हातचे जाते. फुलोरा दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि सखल भागाकडून उंचावर सरकत जातो. त्याच्यामागून मधपाळ रातोरात पेट्या हलवतात आणि एकाच हंगामात दोन-तीन ठिकाणचा बहर गाठतात. त्याआधी मोहरीवर्गातल्या रेपसीडचा मध पेट्यांत भरलेला असतो. तो मधयंत्रात फिरवून चौकटी रिकाम्या करून घ्याव्या लागतात. नाहीतर दोन्ही मध मिसळतात आणि अकेशियाचे वैशिष्ट्य हरवते.

ते वैशिष्ट्य म्हणजे न थिजणे. या मधात फळशर्करा (फ्रुक्टोज) द्राक्षशर्करेच्या (ग्लुकोजच्या) जवळजवळ दीडपट किंवा त्याहूनही जास्त असते. मध रवाळ होतो तो द्राक्षशर्करेचे स्फटिक बनल्यामुळे. ती कमी असल्याने अकेशिया मध वर्ष-दोन वर्षे पातळ आणि नितळ राहतो, तर मोहरीचा मध काही आठवड्यांतच घट्ट होतो. म्हणून ‘मधाने साखर धरली, म्हणजे भेसळ’ हा घरोघरचा निवाडा चुकीचा आहे. तसेच, मध पातळ राहिला एवढ्यावरून तो शुद्धही ठरत नाही.

रंग जवळजवळ पाण्यासारखा ते फिकट पिवळा. वास मंद, फुलांचा. महाबळेश्वरच्या जांभूळ मधाचा गडद रंग आणि तुरट-कडवट चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना हा मध पहिल्यांदा मिळमिळीत वाटेल. पण तो पचपचीत नसतो. फळशर्करेमुळे चांगलाच गोड लागतो. त्यात परागकण आणि विकरे (एन्झाइम) मुळातच कमी, तर ऊससाखर (सुक्रोज) नैसर्गिकपणेच थोडी जास्त असते. युरोपीय संघाच्या नियमांत इतर बहुतेक मधांना ऊससाखरेची मर्यादा ५ टक्के, याला मात्र १० टक्के आहे. परागांच्या मोजणीवर याची पारख करतानाही परागकणांची ही उणीव लक्षात घ्यावी लागते.

चव सौम्य असल्याने जिथे दुसऱ्या पदार्थाचा स्वाद जपायचा असतो, तिथे हा मध उत्तम : हलका चहा, दही, फळे, चीज. इटलीत तो मुरलेल्या चीजबरोबर आवर्जून वाढतात. उकळत्या पदार्थात घातल्यास त्याचा नाजूक वास उडून जातो. इतर मधांपेक्षा तो रक्तातली साखर काहीसा सावकाश वाढवतो. तरीही ती साखरच आहे, मधुमेहींनी तो मोकळेपणाने खाऊ नये. एक वर्षाखालच्या बाळाला कोणताच मध चाटवू नये, कारण त्यातल्या जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सौम्य असला तरी हा मधही त्याला अपवाद नाही.

हंगेरीने २०१४ मध्ये हे झाड आणि त्याचा मध, दोहोंचा राष्ट्रीय वारशाच्या यादीत समावेश केला. निसर्गरक्षकांना मात्र हे झाड आक्रमक वाटते, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. जमिनीत नत्र वाढले की निकस वाळूवर जगणारी मूळची गवते आणि रानफुले मागे हटतात. संरक्षित कुरणांतून ही झाडे काढणेही सोपे नाही. खोड तोडले की मुळांवरून नवे फुटवे येतात.