शेतमाल तारण कर्ज : अर्ज नेमका कुठे अडतो?

काढणीच्या हंगामात भाव पडलेले असताना गरजेपोटी माल विकावा लागू नये, यासाठी महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ 1990-91 पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना राबवत आहे. समितीच्या गोदामात तारण ठेवलेल्या सोयाबीन, तूर, हरभरा, हळद अशा मालावर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज वार्षिक 6 टक्के व्याजाने मिळते. ज्वारी, मका, गव्हासाठी हे प्रमाण कमी आहे. किंमत बाजारभाव आणि हमीभाव यांतील जी कमी असेल ती धरतात, त्यामुळे हमीभावावर हिशेब मांडून येणाऱ्यांची निराशा होते. व्यापाऱ्यांचा माल स्वीकारला जात नाही.

अर्ज, आधार आणि पासबुकाची प्रत यांत सहसा कुणाचे अडत नाही. अडते ते सातबाऱ्यावरील पीकपेऱ्यापाशी. ही नोंद ई-पीक पाहणीतून, म्हणजे मोबाइल ॲपवर पिकाचा फोटो टाकून होते आणि ती पीक उभे असतानाच करायची असते. शेत मोकळे झाल्यावर फोटो कशाचा काढणार? रेंज नव्हती, हे कारण खरे असले तरी खिडकीवर ते कुणी ऐकून घेत नाही. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र लागेल का, हे पोती भरण्याआधीच समितीत विचारून घ्यावे, कारण भरलेला टेम्पो दारात उभा करून परगावच्या भावाची सही मिळवता येत नाही.

दुसरी अडचण ओलाव्याची. सोयाबीनमध्ये तो 12 टक्क्यांच्या आत हवा. नमुना पोत्याच्या पोटातून काढला जातो, त्यामुळे वरचा थर खडखडीत असून भागत नाही. दाताखाली दाणा कटकन फुटला तर वाळला असे समजावे. चेपला तर आणखी ऊन द्यावे. माल चाळून, काडीकचरा व माती काढून, कोरड्या बारदान्यात भरावा. जुन्या पोत्यांच्या शिवणीत किडीची अंडी राहतात आणि गोदामात कीड शेजारच्या थप्पीतही पसरते. साठवणूक, देखरेख आणि विमा यांची जबाबदारी बाजार समितीची असते, मात्र ओल्या दाण्याला लागणारी बुरशी तिलाही थोपवता येत नाही.

मुदत 180 दिवसांची आहे आणि ती कर्ज घेतल्यापासून मोजतात, भाव चढेपर्यंत नव्हे. 1 नोव्हेंबरला कर्ज घेतल्यास लीप वर्ष नसताना ती 30 एप्रिलला संपते आणि त्यापुढे व्याजाचा दर वाढतो. पेरणीपर्यंत थांबण्याचा विचार असणाऱ्यांनी ही तारीख पावतीवरच लिहून घ्यावी.