ई-मेल व्हायरस, वर्म आणि घरचा संगणक

ई-मेलमधून येणाऱ्या घातक प्रोग्रॅमांना घरच्या संगणकात शिरू न देणे, आणि शिरलेच तर नुकसान आटोक्यात ठेवणे, यासाठी घ्यायची काळजी. पुस्तकी मराठीत व्हायरसला विषाणू आणि वर्मला कृमी म्हणतात. नाशिकच्या घरांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत मात्र ‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय’ एवढेच ऐकू येते आणि त्या एका शब्दात सगळी जमात येते. फरक असा, की व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून राहतो आणि ती फाइल कुणी उघडेपर्यंत गप्प बसतो. वर्म हा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो व आपल्या प्रती आपणच पुढे धाडतो. मेलमधून गाजलेले बहुतेक वर्म या दोन्हींच्या मधले आहेत. पहिल्यांदा उघडायला त्यांना माणूस लागतो, पुढचे काम ते स्वतः उरकतात.

ओळखीच्या नावाने

डिसेंबर १९८७ मध्ये जर्मनीतल्या क्लाउस्थाल तंत्र विद्यापीठातून नाताळचे झाड काढणारा एक छोटा प्रोग्रॅम आयबीएमच्या मोठ्या संगणकांच्या जाळ्यात सुटला. पडद्यावर झाड उमटायचे आणि तेवढ्यात तो वापरणाऱ्याच्या संपर्कयादीतल्या सगळ्यांकडे रवाना व्हायचा. घेणाऱ्याला शुभेच्छा आल्यासारखे वाटे, तेही ओळखीच्या माणसाकडून. पुढच्या बहुतेक मेल-वर्मांनी हीच युक्ती वापरली.

२६ मार्च १९९९ रोजी पसरलेला मेलिसा वर्डच्या फाइलमधल्या मॅक्रोत, म्हणजे फाइलीतच लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, बसलेला होता. आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममधल्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना तो जाई. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ने ५० ची मर्यादाही ठेवली नाही. त्याच्या फाइलच्या नावात मध्ये ‘डॉट टीएक्सटी’ आणि अगदी शेवटी ‘डॉट व्हीबीएस’, म्हणजे प्रोग्रॅमची खूण, होते. विंडोज ओळखीच्या फाइलींचे हे शेवटचे शेपूट लपवते, त्यामुळे पाहणाऱ्याला ती साध्या मजकुराची फाइल वाटे. उघडली, की घरचे फोटो गेले, कारण चित्रांच्या फाइलींवर तो स्वतःचीच प्रत लिहीत असे. फिलिपीन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याला लागू पडेल असा कायदा नसल्याने संशयिताविरुद्धचा खटला उभाच राहिला नाही. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला.

नाशिकमध्ये त्या काळी घरचे इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेवरचे डायल-अप. मोडेमचा खरखराट, घरचा फोन एंगेज आणि बिलाच्या धाकाने अर्ध्या तासात तोडलेले कनेक्शन. मेल बघायला अनेकांना सायबर कॅफेच गाठावा लागे. २००१ मध्ये एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले आणि संगणक शिकणारी घरे वाढत गेली. ब्रॉडबँड आल्यावर संगणक दिवसभर जाळ्याला जोडलेला राहू लागला. वर्मला असेच घर हवे असते.

जुलै २००१ मधला सरकॅम संगणकातलीच एखादी फाइल उचलून सोबत जोडायचा. म्हणजे संसर्गाबरोबर घरातले कागदही चव्हाट्यावर. क्लेझने आणखी एक खोडी केली: पाठवणाऱ्याच्या जागी तो यादीतल्या तिसऱ्याच कुणाचा तरी पत्ता टाकायचा. ‘तुमच्याकडून मला व्हायरस आला’ हा आरोप त्यामुळे अनेकदा भलत्याच माणसावर होतो, आणि सोसायटीच्या किंवा भिशीच्या मंडळीत त्यावरून उगीच अबोला धरला जातो. २६ जानेवारी २००४ रोजी प्रथम आढळलेल्या मायडूमचा मेल तर पोहोचू न शकलेल्या मेलची तांत्रिक सूचना असल्याचा आव आणायचा. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाची सुट्टी संपवून लोक दुसऱ्या दिवशी मेल उघडायला बसले, तोवर तो जगभर फिरत होता.

आजचे रूप

स्वतःहून हजारो मेल धाडणारे वर्म आता कमी दिसतात. त्यांच्या जागी पैशावर डोळा असलेले प्रोग्रॅम आले आहेत. २०१४ मध्ये बँकेची माहिती चोरण्यासाठी निघालेला इमोटेट पुढे इतर टोळ्यांना दार उघडून देणारा भाडोत्री झाला. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचे जाळे मोडले, तरी नोव्हेंबरमध्ये तो परतला. त्याची सगळ्यात वाईट खोड म्हणजे तो चोरलेल्या पत्रव्यवहारातच उत्तर लिहायचा. खालती तुमचाच जुना मजकूर, वर दोन नव्या ओळी आणि एक फाइल. शंका घेणार तरी कशाची?

पाथर्डी फाट्यावरचे एक घर डोळ्यांसमोर आणा. घरधन्याचे अंबड एमआयडीसीत सुट्या भागांचे छोटे वर्कशॉप आहे, हिशेब घरच्या संगणकावर टॅलीत, आणि त्याच संगणकावर मुलीचा अभ्यास. रात्री साडेनऊला ‘पर्चेस ऑर्डर, अर्जंट’ असा मेल येतो. फाइलचे नाव ‘पीओ ४५१ डॉट पीडीएफ’, चिन्हही पीडीएफचे. पूर्ण नाव दिसत असते तर शेवटी ‘डॉट ईएक्सई’ दिसले असते, म्हणजे तो कागद नव्हे, प्रोग्रॅम आहे. द्राक्षांच्या निर्यातीत असलेल्यांना हंगामात हेच आमिष कंटेनरच्या कागदपत्रांच्या किंवा पैसे जमा झाल्याच्या सूचनेच्या रूपात येऊ शकते. परदेशी ग्राहकाचा मेल हंगामात कुणी पडू देत नाही, आणि फसवणाऱ्याला तेवढेच पुरते.

अनोळखी मेल उघडू नका, हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. धोका बहुधा ओळखीच्या नावानेच येतो. न मागितलेली फाइल आली, तर तिच्यासाठी एक फोन करावा, तोही मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर. ‘दादा, तू काही पाठवलंय का?’ एवढे विचारायला अर्धा मिनिट लागतो. संरक्षणाच्या सगळ्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा.

संगणकाची बाजू

माणूस कधी तरी चुकणारच, म्हणून यंत्र तयार ठेवावे लागते. पहिले काम पाच मिनिटांचे आहे: फाइल एक्स्प्लोररच्या सेटिंगमध्ये जाऊन फाइलींची शेपटे दाखवायला सांगणे. वरचा सगळा ‘पीओ ४५१’चा खेळ त्याने उघडा पडतो. रोजच्या वापरासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते न वापरता साधे खाते ठेवावे. मुलांचे तर नक्कीच.

अँटीव्हायरसबद्दल गैरसमज भरपूर. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो, आणि सामान्य घराला तो पुरतो. विकत घ्यायचाच असेल तर पर्याय जवळचे आहेत. क्विक हील हे नाव पुण्यातल्या कैलास आणि संजय काटकर या भावांच्या उद्योगातूनच पुढे आले. मात्र दोन अँटीव्हायरस एकदम टाकू नयेत. ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात आणि संगणक रांगायला लागतो. मुदत संपलेला अँटीव्हायरस तर दारात झोपलेल्या राखणदारासारखा असतो. दिसतो, म्हणून घरचे निर्धास्त.

अपडेटचे महत्त्व याहून जास्त. २००१ च्या सप्टेंबरमध्ये निमडा इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या अशा फटीतून शिरला, की मेल नुसता वाचला तरी फाइल चालू व्हायची, आणि ती फट बुजवणारी दुरुस्ती काही महिने आधीच निघालेली होती. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नाशिकमध्ये आठ-दहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेल्या बऱ्याच संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. त्यांच्यासमोर वाढीव अपडेट घेणे, विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकणे किंवा यंत्र बदलणे एवढेच रस्ते उरतात. चोरट्या विंडोजची सोय आणि तिच्यासोबत येणारे ‘क्रॅक’, म्हणजे परवान्याची अट मोडणारे प्रोग्रॅम, यांबद्दल काय बोलावे! मेलच्या व्हायरसला घाबरणारे घर तो क्रॅक मात्र स्वतः अँटीव्हायरस बंद करून चालवते.

ऑफिसच्या फाइलींवरची पिवळी पट्टी आणि तिच्यावरचे ‘एनेबल कंटेंट’ हे मॅक्रो चालू करणारे बटण ओळखून ठेवावे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो २०२२ पासून मुळातच अडवले जातात. फाइल बाहेरून आली आहे, अशी खूण विंडोज तिच्यावर मारते आणि त्या खुणेवर हे अडवणे चालते. इथे एक पळवाट आहे. बहुतेक पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, तीत ही खूण टिकत नाही. कॉलेज रोडवरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात मेलमधली फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि घरी येऊन उघडली, तर ती घरच्याच फाइलीसारखी निमूट उघडते. मॅक्रो अडल्यावर हल्लेखोरांनी पासवर्ड लावलेल्या झिप फाइलींवर जोर दिला. पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असतो: माणसाला वाचता येतो, तपासणाऱ्या प्रोग्रॅमला आत डोकावता येत नाही. कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात येत असतील, तर ते कुलूप आपल्यासाठी नसते.

बॅकअप

रॅन्समवेअर आल्यापासून खरा आधार हाच. तो फाइलींना कुलूप घालून पैसे मागतो आणि त्या वेळी जोडलेली प्रत्येक डिस्क त्याच्या तावडीत असते. बाहेरची हार्ड डिस्क वर्षभर यूएसबीला लटकवून ठेवली, तर तिला बॅकअप म्हणू नये. प्रत घ्यावी, वायर काढावी आणि डिस्क कपाटात ठेवावी. लक्ष्मीपूजनाला वहीऐवजी की-बोर्डला हळद-कुंकू लावणारी दुकाने आहेतच. त्या दिवशी टॅलीचा बॅकअप घेण्याची रीतही पडायला हरकत नाही, पण वर्षातून एकदा पुरत नाही. महिन्यातून एकदा तरी ती प्रत उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसता भरवसा.

शिरल्यावर

आधी इंटरनेट तोडावे: वाय-फाय बंद, केबल बाहेर. मेलचा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावा आणि मेलच्या सेटिंगमध्ये कुणी परस्पर फॉरवर्डिंग लावून, म्हणजे आपले मेल दुसऱ्याकडे वळवून, ठेवले आहेत का, ते पाहावे. हे नेहमी राहून जाते. ज्यांना आपल्या नावाने मेल गेला असेल त्यांना कळवावे. लाज वाटते म्हणून गप्प बसले, की साखळी पुढे जाते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर साफसफाईची साधने फुकट मिळतात.

दुरुस्तीवाल्याचे पहिले वाक्य बहुधा ‘फॉरमॅट मारून देतो’, म्हणजे डिस्क पुसून देतो, हे असते. फाइलींना कुलूप लागले असेल, तर त्याला थांबवावे. काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या पुढे सापडतात आणि युरोपोल ही युरोपीय पोलीस संस्था व डच पोलीस यांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेला ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रम त्या विनामूल्य देतो. किल्ली निघेपर्यंत कुलूपबंद फाइली आणि खंडणीची चिठ्ठी जपून ठेवावी.

व्हायरस सोडणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात देता येते. तिथे जाताना मूळ मेल जसाच्या तसा डाउनलोड करून न्यावा. स्क्रीनशॉट काढला किंवा मेल फॉरवर्ड केला, तर तो कुठल्या सर्व्हरवरून कसा आला, हे सांगणाऱ्या वरच्या ओळी मागेच राहतात.