इक्थिओसॉरस

इक्थिओसॉरस हा समुद्रात राहणाऱ्या सरीसृपांचा एक नामशेष वंश आहे. ज्युरासिक काळाच्या आरंभी, म्हणजे सुमारे २० ते १९ कोटी वर्षांपूर्वी, आजचा युरोप जिथे आहे तिथे पसरलेल्या उथळ समुद्रात तो वावरत असे. त्याचे बहुतेक जीवाश्म इंग्लंडच्या डॉर्सेट आणि सॉमरसेट या परगण्यांत मिळाले. ग्रीकमध्ये 'इक्थिस' म्हणजे मासा आणि 'सॉरस' म्हणजे सरडा. नाव फसवे आहे. हा प्राणी मासा नव्हता, सरडाही नव्हता, आणि मुलांच्या पुस्तकांत काही छापलेले असो, डायनोसॉर तर नव्हताच.

पूर्ण वाढलेला इक्थिओसॉरस दोन ते सव्वातीन मीटर लांब असे. गोव्यातल्या सिकेरीहून बोटीने निघाल्यावर दिसणारा कुबड डॉल्फिन साधारण त्याच मापाचा. लांबट तोंड, त्यात अणकुचीदार दातांच्या रांगा, निमुळते अंग, हातांची झालेली वल्ही हे सगळे पाहिले तर दोघे भाऊच वाटतात. नाते मात्र काहीच नाही. जमिनीवरच्या चार पायांच्या पूर्वजांपासून दोन वेगळ्या घराण्यांनी, कोट्यवधी वर्षांच्या अंतराने, तोच आकार गाठला. वेगाने पोहून शिकार करायची तर पाणी दुसरा आकार फारसा चालू देत नाही.

फरक शेपटीत कळतो. डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. इक्थिओसॉरसची उभी होती, इसवण (सुरमई) माशासारखी, आणि डावी-उजवीकडे फिरे. त्याचा कणा टोकाशी खाली वळून शेपटीच्या खालच्या पाकळीत शिरतो. हा बाक मेल्यानंतर पडला असावा, असे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना १८३८मध्ये वाटले होते. पुढे १८९०च्या दशकात जर्मनीतल्या होल्त्समाडेनच्या पाटीच्या दगडात स्टेनोप्टेरिजियस या जवळच्या वंशाचे सांगाडे कातडीच्या ठशासकट मिळाले. हाडे नसलेली वरची पाकळी आणि पाठीवरचा पर त्यांत स्पष्ट दिसला.

कण्याचे मणके ओळखायला सोपे आहेत. हुमणातल्या इसवणाचा तुकडा खाऊन झाला की ताटात जो गोल मणका उरतो, दोन्ही बाजूंनी खोलगट, तसाच हाही. फक्त याची उंची व्यासाच्या मानाने फार कमी, जवळपास सोंगटीएवढी. वल्ह्यांचे काम त्याहून पाहण्यासारखे आहे. बोटांची हाडे इथे लांबट राहिलेली नाहीत. चिनीमातीच्या तुकड्यांची जुनी फरशी असते तशी ती चपटी, कोनदार आणि एकमेकांना खेटून बसलेली आहेत. एकेका रांगेत माणसाच्या बोटापेक्षा कितीतरी अधिक हाडे, आणि पुढच्या वल्ह्यात बोटांच्या रांगा किमान पाच. डोळा मोठा असून त्याभोवती हाडांच्या पातळ चकत्यांचे कडे असे. माकूळवर्गी प्राणी आणि मासे हे त्याचे खाणे. एका नवजात पिलाच्या पोटात माकुळाच्या बाहूंवरचे आकडे सापडल्याचे २०१७मध्ये प्रसिद्ध झाले.

गोव्यातल्या मोरजीच्या किंवा गालजीबागच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवी अंडी घालायला येतात, कारण समुद्रात आयुष्य काढले तरी सरीसृपाचे कवचाचे अंडे पाण्यात जगत नाही. इक्थिओसॉरसला किनाऱ्यावर चढताच येत नव्हते. त्याने अंड्याचा प्रश्नच मिटवला : पिले पोटात वाढत आणि जिवंत जन्मत. गर्भासह सांगाड्याची नोंद १८४६पासून आहे. सर्वांत मोठा ज्ञात नमुना सॉमरसेटेन्सिस या जातीचा असून त्याच्याही पोटात गर्भ आहे.

इक्थिओसॉरस आणि त्याच्या जवळच्या वंशांच्या गटाकडे जगाचे लक्ष वळवले ते डॉर्सेटमधल्या लाइम रीजिस गावच्या ॲनिंग भावंडांनी. जोसेफला १८११मध्ये कवटी मिळाली आणि पुढच्या वर्षी बारा-तेरा वर्षांच्या मेरीने धडाचा भाग शोधला. तो नमुना आता टेम्नोडोंटोसॉरस वंशात गणला जातो. मेरीने पुढे अनेक सांगाडे काढून विकले, पण लंडनच्या भूविज्ञान संस्थेत स्त्रियांना सदस्यत्व नव्हते. तिच्या नावाची ॲनिंगी ही जाती निघायला २०१५ उजाडले. एकोणिसाव्या शतकात हे वंशनाव म्हणजे गाठोडेच झाले होते, जे सापडेल ते त्यात. तमिळनाडूतल्या क्रिटेशस (ज्युरासिकनंतरच्या काळातल्या) खडकांतील मणक्यांनाही इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी १८७९मध्ये 'इक्थिओसॉरस इंडिकस' म्हटले. आज कम्युनिस ही मूळ जाती धरून मोजक्याच जाती या वंशात उरल्या आहेत.

गोव्यात याचा जीवाश्म मिळण्याची आशा नाही. इथला बहुतेक पाया अब्जावधी वर्षांपूर्वीचा, हाडे असलेले प्राणी जन्मण्याच्या कितीतरी आधीचा. वर पसरलेला जांभा हवा-पावसाने कुजलेल्या खडकाचा, त्यात हाड टिकत नाही. चिरे काढताना दिसणाऱ्या नळीसारख्या पोकळ्या जांभ्याच्याच असतात. भारतातला चांगला ज्युरासिक सांगाडा कच्छमध्ये, भुजजवळच्या लोडाईला मिळाला. सुमारे साडेपाच मीटर लांबीचा हा प्राणी ऑफ्थॅल्मोसॉरस कुळातला मानला गेला आणि २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. कच्छपर्यंत तेव्हा समुद्राचा फाटा आलेला होता. गोव्याला समुद्रच नव्हता. पश्चिमेला मादागास्करची जमीन जोडलेली होती आणि ती तुटली सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. इक्थिओसॉरसच्या गटातले शेवटचे प्राणी तोवर संपले होते, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच.